मदत हवी आहे : पावसाळ्यात बोअरच्या पाण्याला वास, आमचाच रिचार्ज खड्डा नडतोय का?

मंडळी, इंदूरला आमची बत्तीस फ्लॅटची सोसायटी आहे. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, बाकी सगळी भिस्त बोअरवर. तीन वर्षांपूर्वी वर्गणी काढून गच्चीचं पाणी गिट्टी-रेतीच्या खड्ड्यातून थेट बोअरमध्ये सोडलं. पेढेसुद्धा वाटले होते.

यंदा पहिल्या दणदणीत पावसानंतर बादलीत पाण्यावर तेलकट तवंग आला, वर गटारासारखा वास. दोन-तीन घरांत पोटं बिघडली. खड्ड्यापाशी जाऊन उभी राहिले तर पार्किंगचा उतारही तिकडेच! सकाळी गाड्या धुतात, तो फेस फरशीवरून ओघळत खड्ड्याच्या जाळीत उतरताना डोळ्यांनी पाहिला. ड्रेनेजचा चेंबर बोअरपासून जेमतेम अकरा पावलं. मागे नाला आहे, तो खान नदीला मिळतो. (कागदोपत्री आता कान्ह, पण आमच्या घरात खानच.) पण या वेळी नाल्याकडे बोट दाखवायला मन धजत नाही.

पाणी तपासायची छोटी बाटली आणून भरून ठेवली, दुसऱ्या दिवशी काळीकुट्ट (पाणी काळं पडलं तर त्यात मैल्याचे जंतू असण्याची शक्यता). सेक्रेटरी काका म्हणतात, "नर्मदा १९७८ साली आली, त्याआधी आम्ही विहिरीचंच प्यायलो. अपने को तो कुछ नी हुआ!"

लॅबमध्ये नेमकं काय तपासायला सांगू? रिचार्ज बंद करावा की दुरुस्त होईल? आणि काकांना न दुखवता हे कसं सांगायचं?

प्रतिसाद – मुरूमवाला
ताई, आधी बोअरमध्ये जाणाऱ्या पाइपला टोपण लावा, चर्चा मग. नर्मदेचं पाणी पिण्यापुरतं वेगळं साठवा. माळव्यात काळ्या मातीखाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. पाषाणाच्या भेगांतून पाणी गाळलं जात नाही, नुसतं धावतं. त्यात केसिंगच्या (बोअरच्या भोकात बसवलेल्या पाइपाच्या) बाहेरची पोकळी सिमेंटने बुजवायचा बोअरवाले कंटाळा करतात, मग वरची घाण पाइपाच्या कडेने सरळ खाली.

ई. कोलाय (मैल्यातले जंतू), नायट्रेट (सांडपाण्यातूनही येणारा क्षार), टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) एवढं तपासा. १०० मिलीत ई. कोलाय एकही चालत नाही, नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत हवं. नायट्रेट उकळून जात नाही, पाणी आटलं की उलट वाढतं. बाटली लॅबचीच निर्जंतुक घ्या, पंप दहा मिनिटं चालवून बोअरच्या तोंडाशी भरा, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. दुसरा नमुना टाकीचा घ्या, नाहीतर काका म्हणतील टाकीच घाण होती. पावसानंतरच पाणी बिघडत असेल तर संशय खड्ड्यावर. उन्हाळ्यातही नायट्रेट चढं निघालं तर चेंबर गळतोय असं धरून चला.

प्रतिसाद – राजवाड्याजवळची
पार्किंगचं पाणी खड्ड्यात नकोच, बारका बांध घालून वळवा. गच्चीच्या पाइपला व्हॉल्व्ह बसवून पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडा. पुढचं पाणीही बोअरमध्ये न सोडता लांब शोषखड्ड्यात जिरवा. आणि नमुना न्यायला काकांनाच पाठवा, रिपोर्ट त्यांच्या हातात पडू दे.

धागाकर्ती
टोपण बसलं, काकांनी स्वतः पाना घेऊन बसवलं! नमुने उद्या तेच नेताहेत. चेंबरमध्ये रंग टाकून तो बोअरमध्ये उतरतो का, असं कुणी करून पाहिलंय का? कुठला रंग टाकला, आणि किती दिवस वाट पाहिली?