लहान मुलांना गोष्टी सांगता का? आपापले अनुभव लिहा

घरात गोष्ट कोण सांगतं, पुस्तकातून की मनाने, आणि मूल ऐकतं की मधेच पळतं? मुलाचं वय तेवढं नक्की लिहा, इतरांना अंदाज येतो.

*

मुलगी दहा महिन्यांची. सध्या पुस्तक मुख्यतः चावलं जातं, जाड पुठ्ठ्याचं म्हणून टिकलंय. "तिला काय कळतंय?" असं घरचे विचारतात. कळत नसेलही, पण पान उलटलं की हुंकार बरोबर देते!

*

मुलगा साडेतीन वर्षांचा. रोज एकच गोष्ट, ट्रॅक्टरची. एक शब्द इकडचा तिकडे झाला की "असं नाहीये!" नवी पुस्तकं आणली, ती पलंगाखाली पडून आहेत. मी पार कंटाळलो होतो. मग मानसशास्त्रज्ञ जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांच्या २०११ सालच्या प्रयोगाबद्दल वाचलं. तीन वर्षांच्या काही मुलांना त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा वाचून दाखवल्या, काहींना दर वेळी वेगळ्या. नवे शब्द दोन्हीकडे सारख्याच वेळा कानावर पडले, पण लक्षात राहिले ते पहिल्या गटाच्या. आमच्याकडचा पुरावा असा: शू झाली का विचारलं तर चिरंजीव म्हणतात, "अखेर झाली."

*

मी आजोबा. नात पाच वर्षांची. दिवा मालवून मनानेच सांगतो. नायिका तिच्याच नावाची लागते आणि संकटही तीच ठरवते. मी फक्त "मग अस्वलाने काय केलं असेल?" एवढं विचारायचं, पुढचं ती रचते आणि माझ्यापेक्षा झकास रचते. पंचाईत एकच, कालचा भाग कुठे थांबला हे तिला पक्कं आठवतं, मला नाही. आता वहीत टिपून ठेवतो.

*

आमचा अडीच वर्षांचा मांडीवर टिकतच नाही. तो गाड्या फिरवतो, मी वाचत राहते. थांबले की लगेच मान वर. शेजारी बसलंच पाहिजे हा हट्ट मी तरी धरत नाही.

*

राक्षसाचा आवाज बाबांना फारच छान जमतो. त्यामुळे राक्षस फक्त दुपारी.

*

मोठी सहा वर्षांची, धाकटा दोन. तिला लांबलचक गोष्ट हवी, हा पानं ओढतो. एकत्र कसं जमवता?

*

वरच्या ताईंना: मोठीलाच वाचू द्या. आमचा थोरला मोठ्यांसमोर अडखळला की गप्प होतो. धाकटीला त्याच्या चुका कळत नाहीत, त्यामुळे तिच्यापुढे बिनधास्त वाचतो.