स्टेलॅरिस: २२३१ साल उजाडलं, एनर्जी मायनसमध्ये, इन्फ्लुअन्स नुसता पडून. चुकतंय कुठे?

पृथ्वीवासी_९९

मंडळी, मदत हवीये. स्टेलॅरिस, म्हणजे अंतराळात साम्राज्य वाढवायचा कॉम्प्युटर गेम, तिसऱ्यांदा सुरू केलाय आणि तिसऱ्यांदा त्याच ठिकाणी येऊन अडकलोय. युनायटेड नेशन्स ऑफ अर्थ (माणसांचं साम्राज्य) घेतलंय, कॅप्टन डिफिकल्टी, ६०० ताऱ्यांची गॅलेक्सी. व्हर्जन ३.१४ आहे, ४.० मध्ये लोकसंख्येचं सगळं गणितच बदलून टाकलंय आणि माझ्या मित्राला ते अजिबात झेपत नाहीये, म्हणून स्टीमवर (जिथून गेम घेतला तिथे) बीटाजमध्ये जाऊन जुन्या व्हर्जनवर परत आलोय, तेव्हा प्लीज "अपडेट कर" एवढंच सांगू नका.

तर झालंय असं की २२०० ते २२१० एकदम झकास चाललं होतं, दोन सायन्स शिप फिरत होत्या, अल्फा सेंटॉरीवर कॉलनी टाकली, मग कुठेतरी वाचलं की रिसर्च महत्त्वाचा म्हणून पृथ्वीवर एकामागोमाग तीन रिसर्च लॅब बांधल्या, एक इंडस्ट्रियल डिस्ट्रिक्ट पण केलं, आणि तेव्हापासून घसरगुंडी. आत्ताची स्थिती, सगळं महिन्याचं: एनर्जी -९, कन्झ्युमर गुड्स -३, मिनरल्स +६, अलॉय (जहाजं बांधायचा मिश्रधातू) +४, फूड मात्र +१४ आणि साठा सहाशेच्या वर. इन्फ्लुअन्स (नवीन प्रदेश घ्यायला लागतो तो) ३८० साठलाय. सिस्टिम्स, म्हणजे ताब्यातले तारे, फक्त ९. शेजारी लष्करी वृत्तीचा निघाला म्हणून घाबरून ३ च्या ११ कॉर्व्हेट (छोट्या युद्धनौका) केल्या. आता तो माझ्या तोंडासमोरच्या चोकपॉइंटकडे (अरुंद नाक्याकडे) सरकतोय, मध्ये फक्त दोन सिस्टिम मोकळ्या आहेत.

एनर्जी वाढवायला दोन जनरेटर डिस्ट्रिक्ट बांधली तर एनर्जी अजून कमी झाली!! हे कसं काय? बग आहे का?

थेट_हल्ला

११ कॉर्व्हेट आहेत ना, मग घुस की शेजाऱ्यात. त्याची राजधानी घेतली की आयती भरलेली लोकसंख्या मिळते, यापेक्षा स्वस्त एक्स्पान्शन नाही.

खनिजवाला

@थेट_हल्ला एनर्जी -९ असताना युद्ध कर म्हणजे घरात वीज कापायला माणूस आलाय आणि तू मांडव घालतोयस. साठा शून्यावर गेला की शॉर्टेजची सिच्युएशन (टंचाईचं संकट) सुरू होते, त्यात जहाजं लढणार कशी.

@पृथ्वीवासी बग नाही रे भावा. एक काम कर, गेम पॉज करून पृथ्वीवर क्लिक कर, पॉप्युलेशनच्या टॅबमध्ये जा आणि टेक्निशियनच्या (जनरेटरवर काम करणाऱ्यांच्या) ओळीत बघ, किती जॉब आहेत आणि त्यातले भरलेत किती. माझी पैज आहे की अर्धे रिकामे आहेत.

कारण असं की लॅब बांधलीस की दोन रिसर्चरचे जॉब तयार होतात, आणि लोक खालच्या कामातून वरच्या कामात लगेच उडी मारतात, गेम तुला विचारत बसत नाही. तीन लॅब म्हणजे सहा रिसर्चर, इंडस्ट्रियल डिस्ट्रिक्टचे दोन अजून, असे आठ जण तुझ्या जनरेटर आणि खाणीतून उठून पांढरे कोट घालून बसले. एक टेक्निशियन महिन्याला ६ एनर्जी देतो. चार जरी तिकडून गेले तरी २४ गेले. वर प्रत्येक रिसर्चर २ कन्झ्युमर गुड्स खातो, म्हणजे सहा जण १२ खातात, ती -३ तिथून आली. आणि तू नवीन जनरेटर डिस्ट्रिक्ट बांधलीस तेव्हा तिथे बसायला माणूसच नाही, डिस्ट्रिक्टचा स्वतःचा देखभालीचा खर्च मात्र दर महिन्याला चालू. रिकामं दुकान भाड्याने घेऊन ठेवल्यासारखं आहे.

या गेममध्ये इमारत काही पिकवत नाही, इमारतीतला माणूस पिकवतो. मला हे कळायला जवळपास दोनशे तास लागले, हसू नका. आता मी नवीन काही बांधायच्या आधी बघतो की बेकार किती आहेत किंवा वर्षभरात नवीन पॉप (लोकसंख्येचं एकक) किती येणारेत, आणि नसतील तर कितीही मिनरल्स साठले तरी हात लावत नाही.

पृथ्वीवासी_९९

बघितलं. टेक्निशियन ११ जॉब, भरलेले ५. म्हणजे बरोब्बर तू म्हणतोस तेच. च्यायला. मग लॅब पाडू का सरळ?

शेजारीण_झीनो

पाडू नकोस! मिनरल्स आधीच गेलेत त्यात. जॉबच्या समोर जे वजाचं बटण असतं ते दाबून रिसर्चरचे दोन जॉब बंद कर, आत्ता फक्त दोनच. का दोनच, तर वर चढायला लोकांना वेळ लागत नाही पण खाली यायला लागतो, तेवढे दिवस ते बेकार म्हणून बसतात आणि कुरकुरतात, मग स्टॅबिलिटी घसरते, आणि एकदम सहा काढलेस तर एक भोक बुजवताना दुसरं पडेल. (राजकारणात पण असंच असतं म्हणा, पण ते सोडा.)

तोपर्यंतचा खड्डा मार्केटने भर. फूड सहाशे काय करतोयस ठेवून, लोणचं घालणारेस का? पण एकगठ्ठा विकू नकोस, प्रत्येक विक्रीने भाव पडतो आणि वर मार्केटची ३० टक्के फी. मंथली ट्रेडमध्ये (दर महिन्याला आपोआप होणारी विक्री) महिन्याला १५-२० फूड लावून दे, भाव हळूहळू सावरत राहतो आणि तुला नियमित एनर्जी येते.

आणि खरा मुद्दा कोणीच बोललं नाही अजून, तो ३८० इन्फ्लुअन्स! ते बघून मला घाम फुटला. शेजारच्या सिस्टिममध्ये आउटपोस्टला (ती सिस्टिम आपली करणारं छोटं ठाणं) ७५ इन्फ्लुअन्स आणि १०० अलॉय लागतात. इन्फ्लुअन्स तुला महिन्याला तीन-साडेतीनच्या आसपास येत असणार, म्हणजे साधारण दोन वर्षात एक आउटपोस्ट एवढीच त्याची चाल. ते साठलंय याचा अर्थ तू पाच आउटपोस्ट उशिरा आहेस, आणि ते का, तर अलॉय कॉर्व्हेटमध्ये घातलेस. आठ जास्तीच्या कॉर्व्हेटच्या अलॉयमध्ये चार आउटपोस्ट तरी सहज झाले असते आणि कॉर्व्हेटला दर महिन्याला एनर्जी पण लागते, ती वेगळी.

आता काय करायचं: सरळ रांगेत एकेक सिस्टिम घेत जाऊ नकोस. मधली एक सोडून थेट चोकपॉइंटवर आउटपोस्ट टाक. तसं केलं की इन्फ्लुअन्स जास्त लागतो, अंतरावर वाढतो तो, पण तुझ्याकडे तेच तर पडून आहे! अट एवढीच की ती सिस्टिम सर्व्हे झालेली पाहिजे. तो नाका हातात आला की शेजाऱ्याला बॉर्डर बंद कर, मागच्या सिस्टिम आरामात भरत बसायच्या, त्या कुठे पळून जात नाहीत.

खनिजवाला

झीनोताईंशी सहमत, फक्त एक. चोकपॉइंटचा आउटपोस्ट नुसता ठेवू नकोस, जमेल तेव्हा स्टारपोर्ट (मोठं ठाणं) कर, २०० अलॉय. साधे आउटपोस्ट स्टारबेस कॅपॅसिटीत, म्हणजे ठाण्यांच्या मर्यादेत, धरत नाहीत पण स्टारपोर्ट धरतात आणि सुरुवातीला तीनच, त्यामुळे एक नाक्यावर, एक घरी जिथून जहाजं निघतात, आणि तिसरा जिथे वाटेल तिथे, मी त्यावर सोलर पॅनल लावतो.

पृथ्वीवासी_९९

एम्पायर साइझचं (साम्राज्याच्या आकाराच्या आकड्याचं) काय पण? शंभरच्या वर गेलं की टेक आणि ट्रॅडिशन महाग होतात ना, म्हणूनच मी मुद्दाम नऊ सिस्टिमवर थांबलो होतो, वाटलं आटोपशीर ठेवावं.

शेजारीण_झीनो

अरे देवा. म्हणजे मुद्दाम थांबलास?? सिस्टिमचा साइझ फक्त १ धरतात. कॉलनीचा १०, प्रत्येक पॉपचा १. दहा सिस्टिम घेतल्यास काय आणि एक कॉलनी टाकलीस काय, सारखंच. आणि त्या दहा सिस्टिममध्ये मायनिंग स्टेशन, रिसर्च स्टेशन मिळतात जिथे तुझा एकही माणूस लागत नाही, स्टेशनला १०० मिनरल्स आणि महिन्याला १ एनर्जी बस. तुझी आत्ताची सगळी बोंब माणसांची आहे, मग बिनमाणसांची कमाई सोडून कसं चालेल. शंभर ही काही भिंत नाही, ओलांडली की थोडं महाग होत जातं एवढंच, सगळे ओलांडतात.

३८६_वाले_काका

मुलांनो, तुमची चर्चा वाचून जुने दिवस आठवले. १९९३ चा मास्टर ऑफ ओरियन, ज्याच्यावर लिहिताना ॲलन एमरिच यांनी तो '४एक्स' शब्द काढला, शोधा, पसरा, पिकवा, संपवा. आम्ही तो कॉलेजच्या ओळखीतून फ्लॉपीवर आणला होता, कसा ते विचारू नका. त्यात सुरुवातीला हातात दोन स्काउट आणि एक कॉलनी शिप, बाकी पाच पट्ट्या सरकवायच्या, जहाजं, संरक्षण, उद्योग, पर्यावरण, तंत्रज्ञान. संपलं. बिल्डिंग वगैरे भानगडच नाही.

पण एक गोष्ट तिथे शिकलो ती इथेही लागू पडते. ग्रहावरची वाढ सगळ्यात जोरात असते ती तो साधारण अर्धा भरलेला असताना. रिकामा असला तर मंद, गच्च भरला तरी मंद. म्हणून आम्ही मूळ ग्रह भरू द्यायचोच नाही, जरा वर गेला की जास्तीची माणसं जहाजात घालून नवीन वसाहतीवर धाडायचो, दोन्हीकडे वाढ जोरात. स्टेलॅरिसमध्ये व्हर्जन ३.० पासून तीच वक्ररेषा आहे, फक्त लपवून ठेवलीये. तेव्हा @पृथ्वीवासी, अल्फा सेंटॉरीवर किती पॉप आहेत? दहा झाल्याशिवाय तिथली राजधानीची इमारत पुढच्या पायरीवर जात नाही आणि तोपर्यंत ती कॉलनी नुसती खातेच. पृथ्वीवर जे रिसर्चर उतरवणार आहेस ते बेकार बसण्यापेक्षा तिकडे पाठव.

पृथ्वीवासी_९९

काका, ६ आहेत तिथे. २२१४ पासून! मी तिकडे बघितलंच नव्हतं खरं सांगायचं तर.

थेट_हल्ला

मी अजूनही म्हणतो हल्ला कर.

शेजारीण_झीनो

तू प्रत्येक धाग्यावर हेच म्हणतोस आणि तुझे गेम २२६० च्या पुढे गेलेले आम्ही कधी बघितले नाहीत.

थेट_हल्ला

जिंकून थांबतो मी

पृथ्वीवासी_९९

अपडेट देतो. काल रात्री दोन वाजेपर्यंत बसलो होतो, आत्ता २२४४ चालू आहे. दोन रिसर्चर बंद केले, ते दोघं आणि अजून दोन जण अल्फा सेंटॉरीवर धाडले, तिकडे दहा झाले आणि नवीन राजधानी उभी राहतेय. चोकपॉइंट एक सिस्टिम सोडून घेतला, ७५ पेक्षा बराच जास्त इन्फ्लुअन्स गेला पण आउटपोस्ट पूर्ण व्हायला आणि शेजाऱ्याचं बांधकाम जहाज शेजारच्या सिस्टिममध्ये पोचायला एकच गाठ पडली, मी बॉर्डर बंद केली आणि ते तिथूनच मागे वळलं, मी खुर्चीत उभा राहून ओरडलो, आईने बाहेरून विचारलं काय झालं. सिस्टिम्स १७. एनर्जी +११. कॉर्व्हेट मोडल्या नाहीत, तेवढी भीती अजून आहे मनात.

फक्त एक. पृथ्वीवर फूडचा लाल आकडा दिसायला लागला, मला कळेना का, शेतकरी तर सगळे जागेवर होते. मग मार्केट उघडलं. महिन्याला २० फूड विकायचा तो मंथली ट्रेड मी २२३१ मध्ये लावला होता आणि तेरा वर्षं तो इमानेइतबारे विकतोय.

खनिजवाला

हाहाहा साठा किती उरलाय?

पृथ्वीवासी_९९

४१