अनुभव धागा : ॲपवर न मिळणारं संगीत तुम्हाला कुठं सापडलं?

मामाची_भाची

मंडळी, धागा काढायचं कारण एक कॅसेट. आर्वीकडं माझ्या मामाचं शेत जंगलाला लागून, तूर-हरभऱ्यात डुकरं घुसायची म्हणून थंडीभर तो जागलीला जायचा. सोबत टॉर्च, फटाके आणि शॉर्टवेव्हचा रेडिओ. रात्री उशिरा त्यावर व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी सरकारच्या रेडिओचा जॅझचा कार्यक्रम लागायचा. निवेदक विलिस कोनोव्हर, तो मुद्दाम सावकाश आणि सोपं इंग्रजी बोलायचा, म्हणून सातवी नापास मामालाही अर्धंमुर्धं समजायचं. (१९५५ पासून अख्खं जग ऐकत होतं या माणसाला, पण खुद्द अमेरिकेत त्याला फार कोणी ओळखत नव्हतं, कारण हे प्रसारण देशात ऐकवायला तिथल्या कायद्यानं मनाई होती. घ्या!)

तर एका रात्री मामानं शेजाऱ्याचा टेपरेकॉर्डर मचानावर नेला, रेडिओसमोर ठेवला आणि एक सी-९० (नव्वद मिनिटांची कॅसेट) भरून आणली. ती मला मागच्या दिवाळीत धान्याच्या कोठीमागं सापडली. पहिली धून मोबाईलला ऐकवली तर लगेच नाव आलं, 'टेक द ए ट्रेन', अमेरिकेतला जॅझवाला ड्यूक एलिंग्टन. मग वाचत बसले तं कळलं की ती एलिंग्टननं बांधलेलीच नाही, त्याच्यासोबत जवळपास तीस वर्षं काम करणाऱ्या बिली स्ट्रेहॉर्नची आहे. हे दोघं १९६३ ला भारतात येऊन गेले, दिल्लीत ऐकलेल्या मैनेवरून एक रचनाही केली. असो, ते सगळं ॲपवर आहे.

माझा जीव अडकला तो बी साईडच्या शेवटच्या धुनेत. संथ, एकटा ट्रम्पेट, मधेच पियानो असा पाय घसरल्यासारखा खाली येतो. कोणतंच ॲप ओळखत नाही. शेवटी कोनोव्हर नाव सांगतो, "धिस वॉज कम्पोज्ड बाय..." आणि नेमका तिथंच मामा ओरडतो, "हुर्रर्र हाऽऽड!" पुढं नुसते डबडे वाजल्याचे आवाज. चाळीसेक वर्षं झाली, त्या कंपोझरचं नाव डुकरांनी खाल्लं.

तुमच्याकडं आहे असं काही? सांगा.

झाडीपट्टीकर

ताई, आमच्याकडं तं अख्खा खजिनाच असा आहे. गडचिरोलीतलं वडसा म्हणजे नाटक कंपन्यांचं माहेर, दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव मंडई (म्हणजे जत्रा) नाहीतर शंकरपट (बैलांची शर्यत) असला की रात्री नाटक. स्टेजसमोर ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड, सगळं लाइव्ह. आमच्या गावात येणारा एक ऑर्गनवाला स्वतः चाली लावायचा, हिरोईन मरते त्या सीनला त्यानं एक चाल लावली होती, बायाच नाही तं मागं तंबाखू मळत बसलेले बुढेही गप झाले होते. पुढच्या सीझनला नाटक बदललं, चाल गेली. मी मोबाईलवर रेकॉर्ड केली होती पण त्यात निम्म्या शिट्ट्या आणि बाजूच्याचं "अबे खाली बस ना बे". पहाटे चारला त्याला चहा पाजून विचारलं, भाऊ ती चाल लिहून ठेवली का? म्हणे, लिहाले कशाले, हाताले आठवते. दोन वर्षांपासून तो दिसून नाही राहिला.

दर्यापूरचा_नातू

माझे आजोबा बँडपार्टीत मास्तर होते. लग्नात पिक्चरची गाणी वाजवायचे पण नवरी वाटे लावताना वाजवायची धून त्यांची स्वतःची, क्लॅरिनेटवर सुरू व्हायची आणि मग युफोनियम खालून धरायचा. संगीतकार सी. रामचंद्रांवर फार जीव, ते नागपुरात गाणं शिकले म्हणून आपलेच, असं त्यांचं म्हणणं. पुढं मला कळलं की त्या गाण्यांमधल्या ट्रम्पेटमागं चिक चॉकलेट होता, गोव्याचा, खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, मुंबईत ताजमध्ये जॅझचा बँड चालवायचा, १९६७ ला वारला. अमेरिकेतल्या नामी जॅझ ट्रम्पेटवाल्यावरून त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. सिनेमातली गाणी कुठंही मिळतात पण त्याच्या स्वतःच्या बँडच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या मी शोधल्या, ॲपवर मला एकही नाही सापडली. आजोबांना हे नाव सांगायचं राहून गेलं.

त्यांची नोटेशनची वही आहे माझ्याकडं, सारेगम देवनागरीत, पण मात्रांच्या खुणा त्यांच्याच मनच्या. बँडमधला एकच म्हातारा आहे आता ज्याला वाचता येते, त्याचे दात गेले, फुंकता येत नाही. मग तो ती धून तोंडानं गुणगुणतो आणि मी मोबाईल धरतो. डीजे आल्यावर बँड बंद झाला, त्याबद्दल जास्त बोलत नाही, डोकं फिरते.

गुरुकुंजवाली

जॅझबिझ आपल्याला नाही समजत. पण राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं ॲपवर आहेत ती सगळी कीबोर्ड लावलेली, आमच्या गावच्या मंडळाच्या खंजेरीचा ठेका त्यात नाही. तो ऐकाचा असंन तं सामुदायिक प्रार्थनेनंतर येऊन बसा.

सोल्डरिंगवाला

मामाची_भाची, तुमची धून ॲपला काहून सापडत नाही ते सांगतो. शेतात टेपरेकॉर्डर सेलवर चालला असंन. ए साईड भरेस्तोवर सेल ताजे, म्हणून पहिली धून बरोबर. बी साईडच्या शेवटी सेल उतरले, टेप हळू फिरली. आता चांगल्या मशीनवर लावली की तीच धून फास्ट आणि वरच्या पट्टीत वाजते, ॲप गंडते. कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन स्पीड थोडा थोडा कमी करा, मामाचा आवाज मामासारखा वाटला की थांबा. आणि वाजवायच्या आधी कॅसेट एकदा पूर्ण पुढं-मागं फिरवा, फितीला बुरशी असंन तर आधी मशीनमध्ये घालूच नका, हेड खराब होते. बेल्ट ढिला असंन तर बदला, स्वस्तात येतो.

मामाची_भाची

सोल्डरिंगवाला, दंडवत! स्पीड नऊ टक्के कमी केला तेव्हा मामा मामासारखा ओरडला आणि कोनोव्हरही पुन्हा सावकाश बोलायला लागला. ॲप अजूनही "सापडलं नाही"च म्हणते. मग कालच मामाला फोन करून ती धून ऐकवली. पूर्ण ऐकली त्यानं, मधे बोलला नाही. मी म्हटलं, मामा, हे कोणाचं म्हणाला होता तो, आठवते का?

"नाव नाही आठवत माय. डुकरं नऊ होते."