विषय: सासूबाईंचं पोट आणि मी दिलेलं जुलाबाचं औषध

नमस्कार मंडळी,

सासूबाई हॉस्पिटलमधून घरी आल्या. विचारपूस करणाऱ्या सगळ्यांचे आभार. एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. दोन दिवस पोट साफ नव्हतं, कळा येत होत्या, म्हणून रात्री मीच त्यांना जुलाबाचं औषध दिलं. पहाटे हिरव्या उलट्या सुरू झाल्या, पोट टम्म फुगलं. आतडं अडलेलं निघालं. इमर्जन्सीत पहिलंच विचारलं, "वारा सरतोय का? पूर्वी पोटाचं ऑपरेशन?" गर्भाशय काढून 30 वर्षं झाली. त्याचा आत्ता काय संबंध? यादीवर कुणी सर्जन आहेत का?

---

उत्तर: सासूबाईंचं पोट

ताई, मी निवृत्त सर्जन. संबंध आहे. ऑपरेशननंतर पोटात व्रणाचे पट्टे तयार होतात, आतडी एकमेकांना चिकटतात. लहान आतडं अडण्याचं सर्वांत मोठं कारण हेच, आणि असा पट्टा वर्षानुवर्षं गप्प बसू शकतो. दुसरं कारण अडकलेला हर्निया, म्हणून जांघेतली गाठ बघायची. लाजेपोटी ती लपवली जाते. गाठ दुखत असेल आणि आत जात नसेल, तर घरी दाबत बसू नका.

वाट बंद असताना आतडं जोर लावतं, म्हणून कळ येते आणि जाते. त्यात जुलाब दिला की जोर आणखी वाढतो. तुम्हाला माहीत नव्हतं, सोडून द्या. अडथळ्याच्या खालचा मळ नंतरही बाहेर पडू शकतो, तेव्हा एकदा संडास झाली म्हणून निर्धास्त होऊ नये. येणारी-जाणारी कळ सलग दुखू लागली, ताप आला, नाडी धावू लागली, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असावा. मग ऑपरेशनला उशीर परवडत नाही.

तसं नसेल तर तोंडाने काही नाही, नाकातून नळी, सलाईन, सिटी स्कॅन. चिकटण्यामुळे झालेला अडथळा पुष्कळदा एवढ्यावरच सुटतो. सलाईन भरपूर लागतं, कारण रोज सुमारे 7 लिटर पाचकरस आतड्यात उतरतात आणि इथे ते परत शोषलेच जात नाहीत.

---

उत्तर: उत्तर: सासूबाईंचं पोट

काका, दुखणं थांबवणारं इंजेक्शन दिलं तर निदान चुकतं म्हणतात. नको म्हणायचं का?

---

नाही हो! आमच्या शिकण्याच्या काळातली ती समजूत, आता मागे पडली. इंजेक्शन घेऊ द्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती मात्र न विचारता सांगा, आणि शेवटचं कधी खाल्लं तेही.