प्रति: स्कीटर नसती तर?

'द हेल्प' या सिनेमातल्या कृष्णवर्णीय मोलकरणींना वाचा फुटली ती त्यांच्या कहाण्या लिहिणाऱ्या स्कीटर या गोऱ्या मुलीमुळे, ती नसती तर त्या गप्पच राहिल्या असत्या, हे म्हणणं सिनेमापुरतं ठीक. प्रत्यक्षात या बायका कुणा गोऱ्या मुलीची वाट बघत बसल्या नव्हत्या. सिनेमातला काळ १९६३चा, जागा अमेरिकेतलं मिसिसिपी राज्य. त्याआधीच, शेजारच्या अलाबामात, मॉन्टगोमेरी शहरात बसमधल्या वर्णभेदाविरुद्धचा बस बहिष्कार ३८१ दिवस चालला, तो मुख्यतः धुणीभांडी-स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या पायपिटीवर.

त्यातलीच जॉर्जिया गिलमोर, खाणावळीतली स्वयंपाकीण. १९५६ मध्ये या बहिष्कारावरून मार्टिन ल्यूथर किंगवर झालेल्या खटल्यात तिने बसचालकाच्या वागण्याबद्दल साक्ष दिली आणि नोकरी गेली. बाई खमकी! घरीच चिकन सँडविच, केक, 'पाय' (सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) करून विकू लागली. सोबतच्या बायकांचा गट म्हणजे 'क्लब फ्रॉम नोव्हेअर'. देणाऱ्यांची नावं गुप्त, सगळा व्यवहार रोखीत. बहिष्कारवाल्यांची ने-आण करणाऱ्या गाड्यांचं पेट्रोल त्या पैशांतून यायचं. यावर सिनेमा काढा की राव.