‘भांग पावसाला भीत नाही’ हे कुणी सांगितलं?

निफाडची बाग
कालपासून एक पोस्ट सगळीकडे फिरतेय. “नाशिकवाल्यांनी डाउनीत मरणाऱ्या द्राक्षबागा तोडाव्यात आणि हेम्प लावावा. हिमालयात रस्त्याच्या कडेला भांग आपोआप वाढते. फवारणी नाही, खत नाही, पावसाची भीती नाही.” हेम्प म्हणजे धाग्या-बियांसाठी लावायची भांग, आणि डाउनी म्हणजे ओलाव्यात फैलावणारा द्राक्षाचा केवडा रोग. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

रस्त्याकडेला वाढते ती भांग आणि शेतात पेरलेली भांग यांत फरक आहे. कडेला एक झाड इथं, दुसरं चार हातांवर, मधून वारा खेळतो. धाग्यासाठी पेरायची तर हेक्टरी 40 ते 60 किलो बी पडतं. झाडाला झाड चिकटून उभं राहतं आणि सकाळचं दव दुपारपर्यंत खोडावरून हटत नाही. बियांसाठी विरळ लावा, तर प्रत्येक फांदीला तुऱ्यांचे गच्च गेंद येतात. राखाडी बुरशी, म्हणजे बोट्रायटिस, तिथंच घर करते. घट्ट बांधलेल्या द्राक्षघडात शिरते तीच ही. तुरा बाहेरून हिरवागार दिसतो. बोटांनी फोडला की आत तपकिरी लगदा आणि राखेसारखी धूळ. तोवर फवारा आत पोचायचा प्रश्नच उरत नाही.

दुसरी गोष्ट दिवसाच्या लांबीची. दिवस लहान व्हायला लागला की भांग फुलावर येते. युरोपातल्या जाती तिकडच्या 16 तासांच्या उन्हाळी दिवसावर वाढलेल्या. आपल्याकडे जूनमधला सगळ्यात मोठा दिवसही साडेतेरा तासांच्या आतला. ते बी इथं टाकलं तर झाड गुडघ्याएवढं असतानाच फुलणार, मग धागा कुठून निघणार? उशिरा फुलणारी जात जूनमध्ये पेरली तर तुरे सप्टेंबर-ऑक्टोबरात, ऐन परतीच्या पावसात. ज्या ओलीला भिऊन द्राक्ष तोडायला सांगताय, त्याच ओलीत हे पीक नेऊन उभं करताय.

सिन्नर पर्यायी शेती
पोस्ट माझीच आहे. दादा, तुम्ही तुऱ्याचं लिहिलंत, पण धाग्याच्या पिकात तुरा पिकवतोय कोण? नर झाडांचे पराग उडायला लागले की कापणी. बी भरायच्या आधी शेत मोकळं. त्यामुळं बोट्रायटिसचा तुमचा अर्धा मुद्दा इथंच गळतो.

आणि नाशिक जिल्हा म्हणजे निफाड नव्हे. इगतपुरीला 3000 मिलिमीटरच्या घरात पाऊस, तर सिन्नर-येवल्याला 500-600 च्या आसपास. आमच्याकडं मुरमाड, उताराची रानं आहेत, पाणी थांबत नाही. तुमच्या काळ्या रानाचा नियम आम्हाला लावू नका.

निफाडची बाग
बरं, तुरा सोडला. धागा सुटावा म्हणून कापलेली काडी कुजवावी लागते, ती कुजवणार कुठं? अंबाडीसारखी पाण्यात बुडवायची तर सिन्नरला तेवढं पाणी आहे का? दवावर कुजवायची तर काडी रानात पसरून दोन-तीनदा उलटावी लागते. उलटायच्या आधी पाऊस आला की खालची बाजू काळी पडते, धागा जादा कुजतो आणि ओढला की तुटतो. गठ्ठे बांधताना ओलावा 15 टक्क्यांच्या आत हवा, नाहीतर गंजी आतून तापते. सप्टेंबरात एवढी उघडीप कोण देणार?

उताराची जमीन लागते हे मात्र बरोबर. रोपावस्थेत दोन दिवस पाणी साचलं की भांग पिवळी पडून बसते, चिबड रानात उठतच नाही. पण हे तुमच्या पोस्टमध्ये एका ओळीनंही नव्हतं. उलट “कुठेही येते” असं लिहिलंय.

कायद्याचं बोला
तुम्ही दोघं पेरणीपर्यंत पोचलात, मला आधीचंच सांगू द्या. 1985 च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यानं भांगेच्या झाडाची लागवड हाच गुन्हा आहे. कलम 20 खाली 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड. धागा किंवा बी यांसाठी परवानगी देता येते ती कलम 14 खाली, आणि ती सरकारी आदेशानं. उत्तराखंडनं 2018 मध्ये परवाने द्यायला सुरुवात केली ती याच वाटेनं, टीएचसी (भांगेतला नशा आणणारा घटक) 0.3 टक्क्यांच्या आत ठेवायची अट घालून. पीक त्या रेषेच्या वर गेलं की नष्ट करावं लागतं. भांगेचा पराग वाऱ्यावर कित्येक किलोमीटर जातो. आसपास जंगली भांग असली तर पुढच्या पिढीचं बी शुद्ध राहत नाही.

परवाना हातात असल्याशिवाय एक बी सुद्धा मातीत टाकू नका. “नंतर बघू” असलं हे प्रकरण नाही.

येवला कोरडवाहू
नावांचा घोळ पण मिटवा. गटात लोक ‘हेम्पचं बी कुठं मिळेल’ विचारतात आणि खाली कुणीतरी तागाच्या पिशवीचा फोटो टाकतो. सनहेम्प म्हणजे आपला ताग, बोरू. डेक्कन हेम्प म्हणजे अंबाडी. दोन्हींचा भांगेशी काही संबंध नाही, दोन्ही बिनधास्त पेरा. ताग द्राक्षाच्या दोन ओळींत एकरी 20-25 किलो टाकायचा आणि फुलावर यायच्या बेतात, साधारण 45 दिवसांनी गाडायचा. उशीर केला की काडी लाकडासारखी होते, कुजत नाही आणि वर नत्र ओढून घेते.

सटाणा अर्ली
भांगेचं राहू द्या हो. द्राक्ष तोडायची भाषा लोकांच्या तोंडी आणली कुणी? सगळ्यांनी एकाच पंधरवड्यात गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) करायचा हट्ट! सप्टेंबरअखेर छाटलेली बाग परतीच्या पावसात बरोबर पोंगा (डोळा फुटताना) ते फुलोरा या नाजूक अवस्थेत सापडते. डाउनीला आणखी काय हवं? जुलै-ऑगस्टात छाटा. पाऊस परतेपर्यंत मणी वाटाण्यापेक्षा मोठा झालेला असतो आणि तेवढ्या मण्यावर डाउनी सहसा नव्यानं शिरत नाही. वर डिसेंबर-जानेवारीत मालाला दर.

दिंडोरी मांडव
अण्णा, अर्धंच सांगताय. जुलैला छाटली तर कोवळी फूट भर पावसात निघते, तिचं काय? तुमच्या सटाणा-बागलाणात पाऊस कमी म्हणून निभतं. दिंडोरीत ऑगस्टातली फूट वाचवायला एक दिवसाआड फवारावं लागेल. आणि मण्यात पाणी उतरायची, म्हणजे मणी मऊ पडून गोडी भरायची वेळ नोव्हेंबरात येते. 2023 च्या नोव्हेंबरअखेर निफाडात अवकाळी आणि गारपीट झाली, तेव्हा गोडी भरलेले मणी तडकले. डाउनीतून वाचवलेला घड तडकून गेला तर त्या लवकर छाटणीचा उपयोग काय?

सटाणा अर्ली
आणि उशिरा छाटून काय मिळवता? 20 ऑक्टोबरनंतर छाटली की फुलोरा आणि मण्याची वाढ थंडीत येते. मणी फुगत नाही, माल मार्च-एप्रिलच्या गर्दीत उतरतो. जोखीम दोन्हीकडं आहे. मग एकट्या अर्लीवाल्यांना वेडं का ठरवता? दरवर्षी हेच ऐकून घ्यायचं का आम्ही?

दिंडोरी मांडव
वेडं कुणी म्हटलं नाही. बागलाणाचा सल्ला सगळ्या जिल्ह्याला देऊ नका, एवढंच. छाटणीची तारीख ठरवायच्या आधी काडी तपासून घ्या. 2025 मध्ये मे महिन्यापासूनच पाऊस लागला. खरड छाटणीनंतरच्या (नव्या काड्यांसाठी उन्हाळ्यात करतात ती) 40 ते 60 दिवसांत काडीत घड तयार होतो आणि नेमकं तेव्हाच ऊन नव्हतं. डोळ्यात घडच नसेल तर तारखेवर भांडून काय उपयोग?

तारखेपेक्षा वारा महत्त्वाचा. 9 बाय 5 फुटांवर वेलीला 28-30 काड्या पुरे. लोक 40-45 ठेवतात, फेलफुटी (बिनघडाच्या जादा फुटी) वेळेवर काढत नाहीत, मग पानावर पान चढतं. डाउनीचे बीजाणू रात्रीच्या अंधारात पानाच्या खालच्या बाजूला तयार होतात, त्यांना चार तास गच्च ओलावा पुरतो. वरून तेलकट पिवळा डाग दिसला की पान उलटा. खाली पांढरी लव असेल तर रात्रीत फैलाव झालेला आहे. अशा वेळी नुसतं आंतरप्रवाही (पानात शोषलं जाणारं) औषध मारून भागत नाही, सोबत पानावर थर धरणारं मॅन्कोझेब लिटरला 2 ग्रॅम पाहिजेच. एकाच गटाचं औषध पुन्हा पुन्हा मारल्यानं डाउनी त्याला जुमानत नाही, स्ट्रोबिल्युरिन गटाच्या औषधांचं तेच झालं.

सिन्नर पर्यायी शेती
मूळ विषय बाजूला पडला. आणि तुम्ही जे लिहिताय त्यातूनच माझं म्हणणं सिद्ध होतंय. एवढी औषधं, एवढी मजुरी. बागेवर प्लॅस्टिकचं आच्छादन टाकलं तरी सुटका नाही.

निफाडची बाग
आच्छादनानं पान कोरडं राहतं, डाउनी खरंच उतरते. पण भुरीला (पांढऱ्या बुरशीच्या रोगाला) पानावर पाणी लागत नाही, ती आत वाढते, थ्रिप्सही (फुलकिडे) वाढतो. प्लॅस्टिक कागदाच्या दोन पट्ट्यांत गरम हवा निघायला फट ठेवली नाही तर कोवळे शेंडे भाजतात. मे महिन्याच्या वादळात कागद फाटतो तो बांधणीच्या टोकापासून, म्हणून ताण तिथं वाटून द्यावा लागतो. सोपं नाहीच. पण अवघड आहे म्हणून पाऊस न सोसणारं दुसरंच पीक घ्यायचं, हे पटत नाही.

येवला कोरडवाहू
औषधांच्या खर्चावर बोलताय तर बोर्डोकडं, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याच्या मिश्रणाकडं वळा ना. स्वस्त आणि टिकाऊ. तयार पुड्या कशाला घेता?

दिंडोरी मांडव
बोर्डो बनवणारे दहातले आठ चुकीचं बनवतात. मोरचूद 1 किलो 50 लिटरमध्ये प्लॅस्टिकच्या टाकीत, कळीचा चुना 1 किलो वेगळ्या 50 लिटरमध्ये, गाळून. मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या टाकीत ओतायचं आणि ढवळत राहायचं. लोखंडी बादली बिलकुल नको. चुना जुना, हवा लागून मेलेला असेल तर किलोनं भागत नाही. म्हणून सामू (पीएच) 7 च्या वर आहे का बघा. पट्टी नसेल तर घासून चकचकीत केलेला खिळा मिनिटभर बुडवा. तांबूस थर बसला म्हणजे मोरचूद मोकळं आहे, अजून चुना घाला. तसंच मारलं तर कोवळी पानं कडेनं करपतात आणि लोक डाउनी समजून दुसऱ्या दिवशी पुन्हा फवारतात. 1 टक्का छाटणीनंतर लगेच, ओलांडे (वेलीच्या आडव्या फांद्या) आणि खोडावर. फूट निघाल्यावर अर्धा टक्का. मणी धरल्यानंतर मारू नका, डाग राहतात.

सटाणा अर्ली
खिळ्याचं बरोबर आहे. त्यात एक भर: मिश्रण त्याच दिवशी संपवा. रात्रभर ठेवलं की साका बसतो आणि पानाला चिकटत नाही.

सिन्नर पर्यायी शेती
ठीक आहे. पोस्टमधलं “पावसाची भीती नाही” आणि “कुठेही येते” काढतो. परवान्याची ओळ सगळ्यात वर टाकतो, ती आधीच असायला हवी होती. पण कमी पावसाच्या तालुक्यांत धाग्याच्या पिकाला सरकारनं निदान प्रयोगाची परवानगी द्यावी, ही मागणी मागं घेणार नाही.

निफाडची बाग
प्रयोगाला माझा विरोध नाही. “बागा तोडा” पण काढा.

सिन्नर पर्यायी शेती
काढलं.

येवला कोरडवाहू
दिंडोरीवाले दादा, कळीचा चुना मेलेला आहे हे पाणी टाकायच्या आधी कसं ओळखायचं?

दिंडोरी मांडव
खडा असला पाहिजे, पीठ नको. एक खडा वाटीभर पाण्यात टाका. सूं करून फुटला, पाणी तापलं, वाफ निघाली तर ताजा. गार राहिला तर ते पोतं घराच्या भिंतींना वापरा.