३०वा आठवडा: अ‍ॅसिडिटी, पोटरीत गोळे, लोहाच्या गोळीचा त्रास आणि रात्री तळहात-तळपाय खाजतात

सिन्नरची_लेक

नमस्कार सगळ्यांना. पहिलीच वेळ आहे माझी, ३०वा आठवडा चालू आहे. सोनोग्राफी नॉर्मल, बाळाची वाढ छान आहे असं डॉक्टर म्हणाल्या, पण मला स्वतःला काही धड वाटत नाहीये आणि कोणाला सांगायला गेलं की एकच उत्तर, अगं दिवसांत हे असंच असतं, सहन करायचं. सिन्नरला राहते, नाशिकला एका पतसंस्थेत काउंटरला आहे, म्हणजे रोजचा एसटीचा प्रवास आणि दिवसभर खुर्चीत.

तर रात्री जेवून आडवं झालं की घशापर्यंत आंबट येतं, उशांना टेकून बसल्या बसल्याच झोपते. पहाटे पोटरीत असा गोळा येतो की ओरडतच जाग येते, अहो पण घाबरून उठून बसतात. लोहाची गोळी सुरू झाल्यापासून पोट साफ होत नाही, शी काळी होते, गोळी बंदच करावी असं वाटतंय (हिमोग्लोबिन ९.८ आहे). संध्याकाळी पाय सुजतात, चपलेचा पट्टा रुततो.

आणि हल्ली एक नवीनच चालू झालंय, रात्री तळहात आणि तळपाय खाजतात. पुरळ नाही, लाल नाही, वरून काहीच दिसत नाही पण खाजवून खाजवून झोप उडते. सासूबाई म्हणतात कातडी ताणते म्हणून होतं, बिचाऱ्या रोज खोबरेल चोळून देतात पण फरक शून्य. पुढची तपासणी पंधरा दिवसांनी आहे, तोपर्यंत घरच्या घरी काय करता येईल ते सांगा ना.

रंकाळा_काठ

अगं, अ‍ॅसिडिटी आणि गोळे यात मी पीएचडी केलीय म्हण, दोन्ही वेळा सातव्या महिन्यापासून होतं मला. दिवसांत हार्मोनमुळे जठराच्या तोंडाची झडप सैल पडते आणि वरून बाळ पोट ढकलतं, त्यामुळे आडवं झालं की आम्ल वर येतंच. तू एकावर एक उशा ठेवतेस ना त्याने मान आणि कंबर वाकते आणि पोट अजून दाबलं जातं, त्यापेक्षा पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली एक एक वीट ठेव, अख्खा पलंगच तिरका होतो, मला सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला. रात्रीचं जेवण आठच्या आत, थोडंसंच, म्हणजे मुगाची खिचडी किंवा भाकरी आणि दुधीची पातळ भाजी, आमच्याकडचा तांबडा रस्सा तूर्त माहेरी ठेव. जेवल्यावर निदान दोन-अडीच तास आडवं व्हायचं नाही. सकाळी डबा नेतेस तो एकदम संपवू नकोस, दोन-तीन वेळा थोडा थोडा खा. फसफसणारं इनो वगैरे घेऊ नकोस, त्यात सोडियम भरपूर असतं. डॉक्टरांना विचारून अँटासिडचं सिरप मिळतं ते चालतं, फक्त लोहाच्या गोळीच्या आसपास घ्यायचं नाही, नाहीतर लोह अंगी लागत नाही.

गोळा आला की पायाची बोटं नडगीकडे ओढायची, टाच पुढे ढकलायची. पोटामुळे आपला हात पोचत नाही तर अहोंना शिकवून ठेव, टाच एका हाताने धरायची आणि तळवा हळूहळू वर दाबायचा, लगेच सुटतो. उलटं करायचं नाही, आळस देताना आपण बोटं खाली ताणतो ना त्यानेच गोळा येतो. झोपायच्या आधी भिंतीला हात टेकून एक पाय मागे, टाच जमिनीला, अशी पोटरी ताणून घे दोन्ही बाजूंनी.

उपकेंद्र_जालना

ताई, मी आरोग्यसेविका आहे, लोहाच्या गोळीबद्दल सांगते कारण ९.८ वाचून काळजी वाटली. गरोदरपणात ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षयच धरतात आणि गोळी अजिबात बंद करायची नाही. आमच्याकडे बायका गोळ्या घेऊन जातात आणि घरी गेलं की डब्यात तशाच असतात, विचारलं की हीच दोन कारणं, काळी शी आणि पोट साफ नाही. काळी शी होणं म्हणजे न शोषलेलं लोह बाहेर पडतंय एवढंच, घाबरायचं काही नाही त्यात.

कशी घेताय ते बघा आधी. चहाबरोबर किंवा चहानंतर लगेच घेतली तर निम्मी वाया, दुधाबरोबर पण नाही, आणि कॅल्शियमची गोळी तर वेगळ्याच वेळी, मधे दोन तास तरी हवेत. मी सांगते की कॅल्शियम सकाळी आणि दुपारच्या जेवणासोबत घ्या, लोह रात्री लिंबूपाण्याबरोबर किंवा आवळ्याच्या फोडीबरोबर. मळमळ होत असेल तर रात्रीचीच बरी पडते, झोपेत निघून जातं, पण तुम्हाला आंबट येतं म्हणून झोपायच्या तासभर आधी घ्या आणि लिंबू सोसत नसेल तर पेरू खा. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक असतं, ती चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक असते, रक्त कमी असलं तर डॉक्टर दोन करतात. तुमची कोणती आहे ते नाव डॉक्टरांना दाखवा, दुसऱ्या क्षाराची, म्हणजे वेगळ्या प्रकारच्या लोहाची गोळी बदलून देतात, आणि गोळी सोसतच नसेल तर सलाईनमधून लोह देतात.

पोटासाठी पाणी वाढवा, पतसंस्थेत बाटली समोर ठेवा, लघवीला सारखं जावं लागतं म्हणून बायका पाणीच पीत नाहीत आणि मग लघवीला जळजळ, ते दुसरं दुखणं. भिजवलेले काळे मनुके, अंजीर, पालेभाजी, सालासकट फळ. रात्री कोमट पाण्यात इसबगोल चालतं, त्यावर अजून एक ग्लास पाणी प्यायचंच. एरंडेल कोणी कितीही आग्रह केला तरी घ्यायचं नाही.

पायाची सूज संध्याकाळी येऊन सकाळी उतरत असेल तर बसून राहिल्याची असते, काउंटरखाली स्टूल घेऊन पाय वर ठेवा, तासाभराने दोन मिनिटं चाला. पण सकाळी उठल्यावर पण सूज असेल, चेहरा किंवा हाताची बोटं सुजली, अंगठी निघेना, डोकं ठणकतंय, डोळ्यासमोर अंधारी किंवा काजवे, बरगडीखाली दुखतंय, यातलं काही एक जरी झालं तर त्याच दिवशी बीपी आणि लघवी तपासून घ्यायची. १४०/९० झालं की थांबायचं नाही. खाजगी डॉक्टरांची तारीख लांब असली तरी दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते, तिथे जा.

मीठबंदर_ठाणे

सगळ्यांचं वाचलं, छान सांगितलंय, पण सिन्नरच्या ताई तुम्ही जे सगळ्यात शेवटी लिहिलंय ना तेच सगळ्यात आधी बघायला हवंय. पुरळ नाही, तळहात-तळपाय, रात्री जास्त, शेवटचे तीन महिने. मला अगदी हेच होतं. पंधरा दिवस थांबू नका, उद्याच डॉक्टरांना फोन करा.

याला कोलेस्टेसिस म्हणतात, लिव्हरमधून पित्त नीट पुढे सरकत नाही आणि पित्तातली आम्लं रक्तात साठतात, खाज त्यानेच येते. रक्ताच्या दोन टेस्ट सांगायच्या, एलएफटी म्हणजे लिव्हरची तपासणी आणि ही पित्तातली आम्लं मोजणारी बाइल अ‍ॅसिड. नुसती एलएफटी करून पाठवलं तर दुसरी मागून घ्या. आणि पहिल्यांदा नॉर्मल आली पण खाज चालूच राहिली तर आठ-पंधरा दिवसांनी परत करायची, कारण कधीकधी खाज आधी येते आणि रिपोर्ट मागाहून बिघडतो.

आईला त्रास मुख्यतः खाजेचा असतो पण बाइल अ‍ॅसिड फार वाढलं, म्हणजे १०० च्या वर, तर पोटात बाळ दगावण्याचा धोका वाढतो, म्हणून मी इतकी मागे लागतेय. मी ज्या हॉस्पिटलमध्ये दाखवत होते तिथे मला आधी कॅलामाइन लोशन देऊन घरी पाठवलं होतं, दिवसांत खाजतंच म्हणून. मी रात्री बाथरूममध्ये बसून कपडे घासायच्या ब्रशने तळपाय घासायचे, रक्त यायचं, तरी बरं वाटायचं नाही. शेवटी बहिणीने सांगितलं म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले आणि त्यांनी तळपाय बघूनच टेस्ट लिहून दिली. ऐकणारं कोणी भेटेपर्यंत विचारत राहायचं, लाजायचं नाही.

आजीचा_बटवा

घाबरवू नका हो तिला, पहिलटकरीण आहे. मलाही खूप खाज होती पोटावर, कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी आणि खोबरेल, आठवड्यात गेली. गुगल करून करून हल्लीच्या मुली बीपी वाढवून घेतात.

मीठबंदर_ठाणे

@आजीचा_बटवा काकू, पोटावरची खाज वेगळी. पोट, मांड्या ताणतात तिथे कोरडं पडून खाजतं, तिथे खोबरेलाने आराम पडतोच. पण तळहात काही ताणत नाहीत ना. आणि टेस्ट नॉर्मल आली तर चांगलंच आहे, एका रक्ताच्या सुईपलीकडे काय जाणार तिचं? सासूबाई मायेने चोळतायत ते चोळू देत, पण रक्त तपासायलाच हवं.

लीड्सकर

मी इंग्लंडमध्ये असते, इथलं सांगते. मला ३३व्या आठवड्यात तळपाय खाजायला लागले, मिडवाइफला फोनवर सहज बोलले तर तिने त्याच दिवशी मॅटर्निटी युनिटला बोलावून रक्त घेतलं. नंतर कळलं की इथे सरासरी हजारातल्या सातेक गरोदर बायकांना हे होतं पण भारतीय आणि पाकिस्तानी वंशाच्या बायकांत त्याच्या जवळजवळ दुप्पट, म्हणून आपल्याकडे तर उलट जास्त माहीत असायला हवं. इथे बाइल अ‍ॅसिड ४० च्या खाली असेल तर सौम्य, ४० ते ९९ मध्यम आणि १०० च्या पुढे गंभीर धरतात, आणि डिलिव्हरी कधी करायची ते त्यावर ठरवतात. सौम्य असेल तर ४० आठवड्यांपर्यंत, मध्यम असेल तर ३८-३९ आणि गंभीर असेल तर ३५-३६ ला. जुळी किंवा बीपी वगैरे असेल तर गणित बदलतं.

खाजेसाठी उर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिडची गोळी देतात, काहींना त्याने आराम पडतो, पण २०१९ साली इथल्या मोठ्या चाचणीत असं दिसलं की त्या गोळीने बाळाचा धोका काही कमी होत नाही. म्हणून गोळी चालू झाली की निर्धास्त असं नाही, रिपोर्ट परत परत करावेच लागतात. मला झोपेसाठी मेन्थॉलवालं क्रीम फ्रिजमध्ये ठेवून लावल्याने आणि पाय पांघरुणाबाहेर ठेवल्याने जरा बरं वाटायचं.

सिन्नरची_लेक

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, सॉरी. इथलं वाचून दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी लगेच बोलावलं, आधी विचारलं लघवी गडद होते का, डोळे पिवळे दिसतात का, मग दोन्ही टेस्ट दिल्या. बाइल अ‍ॅसिड ४६ आलंय आणि लिव्हरच्या तपासणीतलं एसजीपीटी पण वाढलेलं आहे. बीपी ११६/७४, लघवीत प्रथिनं नाहीत. तीच उर्सोची गोळी दोनदा दिलीय, दर आठवड्याला रक्त, आणि ३८ च्या आसपास बघू म्हणाल्या. लोहाची गोळी बदलून दिली, नवीन रात्री पेरूबरोबर घेते, पोट बरंच बरं आहे. विटा ठेवल्या, पलंग तिरका झालाय आणि झोप लागते थोडी. अहोंना टाच धरायला शिकवलंय.

सासूबाईंना रिपोर्ट दाखवला तर त्या रडायलाच लागल्या, म्हणाल्या माझ्या वेळी मला पण हातापायाला असंच व्हायचं आणि पहिलं मूल आठव्या महिन्यात गेलं, कोणी काही सांगितलंच नाही का गेलं ते. इतकी वर्षं त्या हे कोणाला बोलल्या नव्हत्या. आता माझ्यापेक्षा त्याच जास्त लक्ष ठेवून आहेत.

दोन प्रश्न आहेत. बाळ ठीक आहे हे मधल्या दिवसांत घरी कसं कळणार? आणि हे नंतर जातं ना?

उपकेंद्र_जालना

सासूबाईंचं वाचून फार वाईट वाटलं ताई. त्यांना म्हणावं त्या वेळी ही तपासणीच गावात मिळत नव्हती, यात त्यांचा काही दोष नाही.

बाळाची हालचाल हीच खूण. रोज ठरलेल्या वेळी, जेवून झाल्यावर, डाव्या कुशीवर आडवं होऊन मोजा, आंबट येत असेल तर टेकून बसून मोजा, दोन तासांत दहा वेळा तरी हलायला हवं, बहुतेक वेळा त्याच्या आधीच होतात. तुमच्या बाळाची रोजची चाल तुम्हाला कळायला लागेल, ती कमी वाटली तर गार पाणी पी, गोड खा, सकाळपर्यंत बघ असलं काही करत बसू नका, रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा, गाडी नसेल तर १०८ ला फोन. या आजारात आधीचे रिपोर्ट चांगले आहेत म्हणून थांबायचं नाही. झोपताना पण कुशीवरच.

मीठबंदर_ठाणे

४६ वर पकडलं हे फार बरं झालं, आणि सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. हो, जातं नक्की. माझी खाज बाळंतपणानंतर काही दिवसांतच गेली. साधारण दीड महिन्याने एलएफटी परत करायची, नॉर्मल झालंय याची खात्री करायला, आणि नसेल झालं तर लिव्हरच्या डॉक्टरांना दाखवायचं. बाळाला अंगावर पाजायला काही अडचण नाही. दोन गोष्टी मात्र फाईलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. एक, पुढच्या वेळी परत होण्याची शक्यता बरीच असते, तेव्हा पहिल्याच तपासणीत सांगायचं. दुसरं, गर्भनिरोधक गोळ्या घ्यायची वेळ आली तर आधी हे सांगायचं, कारण इस्ट्रोजेनवाल्या गोळीने काहींना परत खाज सुटते. आणि सासूबाईंनाही असंच व्हायचं म्हणालात, तर तुमच्या नणंदा असतील त्यांना पण सांगून ठेवा, हे घराण्यात चालतं.

सिन्नरची_लेक

एक नणंद आहे, चौथा महिना चालू आहे तिला. आजच फोन करते.